पाण्यावरचा पर: मोरीचा की डॉल्फिनचा?

पाण्यावर त्रिकोणी पर दिसला की शार्क आला, हा समज सर्रास आढळतो. हा पृष्ठपर (पाठीवरचा उभा पर) शार्कला, म्हणजे कोळ्यांच्या मुशी-मोरीला असतो, तसाच डॉल्फिनलाही. मुंबईच्या किनाऱ्याजवळ दिसणारा पर बहुधा कुबडवाल्या डॉल्फिनचाच. फरक शेपटीत आहे. मोरीची शेपटी उभी असते, दारासारखी डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची आडवी, हापशाच्या दांड्यासारखी वर-खाली. डॉल्फिन श्वासासाठी वर येतो, म्हणून त्याचा पर गोल वळून बुडतो. मोरी कल्ल्यांनी श्वसन करते. तिचा पर क्वचित वर येतो आणि आला तर सरळ पाणी कापत जातो. नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्याच्या बाजारात मोरी आली असेल, तर बाजूच्या कल्ल्यांच्या पाच फटी मोजता येतात. कातडी कानशीसारखी हाताला खरखरते.

‘जॉज’ चित्रपटातला मोठा पांढरा शार्क मुख्यतः दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया अशा थंड किनाऱ्यांवरचा. इथे धोका अगदीच नाही असे मात्र नव्हे: फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने एका तरुण मच्छीमाराच्या पायाचा चावा घेतला. त्यामुळे पर कोणाचाही असो, तो काठावरूनच पाहावा.