मायकेल केन : आपली बोली न लपवणारा नट

इंग्लंडात माणूस बोलू लागला की त्याचा वर्ग ओळखला जातो. बड्या शाळांतील मुलांचे उच्चार वेगळे, कामगार वस्तीतले वेगळे. लंडनच्या कष्टकऱ्यांच्या बोलीला 'कॉकनी' म्हणतात. एकेकाळी ही बोली पडद्यावर यायची ती बहुधा नोकर, शिपाई किंवा विनोदी पात्राच्या तोंडी. त्या बोलीला नायकपद मिळवून देणाऱ्यांत मायकेल केन यांचे नाव आम्ही अग्रभागी मानतो.

14 मार्च 1933 रोजी दक्षिण लंडनमध्ये जन्मलेल्या या नटाचे मूळ नाव मॉरिस मिकलव्हाइट. वडील बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारात हमाल, आई लोकांच्या घरी साफसफाईची कामे करणारी. तरुणपणी सक्तीच्या लष्करी सेवेत ते कोरियाच्या युद्धात लढले. परतल्यावर कितीतरी वर्षे किरकोळ भूमिकांवर गुजराण केली.

1964 च्या 'झुलू'ने दिवस पालटले. गंमत अशी की, ते गेले होते कॉकनी शिपायाची भूमिका मागायला. मिळाली ती खानदानी अधिकाऱ्याची! दिग्दर्शक साय एन्डफिल्ड अमेरिकन होते. इंग्रज दिग्दर्शकाने आपल्याला ही भूमिका दिलीच नसती, असे केन पुढे सांगत.

मग 1965 मध्ये 'द इपक्रेस फाइल' आला. जाड चष्म्याचा, बाजारहाट करणारा, स्वतः रांधणारा हा गुप्तहेर लोकांना आपल्यातला वाटला. 1966 च्या 'आल्फी'मधला बाईलवेडा तरुण तर थेट प्रेक्षकांशीच बोलतो. या भूमिकेने त्यांना ऑस्करचे पहिले नामांकन मिळाले. आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत. जड पापण्यांखालची स्थिर नजर आणि सावकाश बोलणे, एवढ्यावर ते प्रसंग तोलून धरतात.

आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो 1983 चा 'एज्युकेटिंग रीटा'. केशकर्तनालयात काम करणारी विवाहित तरुणी मुक्त विद्यापीठात शिकू पाहते. तिचा मद्यपी, निराश प्राध्यापक म्हणजे केन. ज्यूली वॉल्टर्सच्या रीटाला पुढे करून ते स्वतः मागे उभे राहतात. शिकण्याची भूक आणि शिकल्यावर आपल्याच माणसांपासून तुटण्याचे दुःख, दोन्ही या चित्रपटात आहेत.

'झुलू'चे चित्रीकरण वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत झाले होते, हेही विसरता येत नाही. पुढे 1975 मध्ये त्या राजवटीविरुद्धच्या 'द विल्बी कॉन्स्पिरसी'त ते सिडनी पॉइटिए यांच्यासोबत उभे राहिले. 1997 च्या दूरचित्रवाणीपटात पॉइटिए मंडेला झाले, तर केन डी क्लर्क.

सगळेच चित्रपट चांगले होते असे मुळीच नाही. 'हॅना अँड हर सिस्टर्स'चे ऑस्कर 1987 मध्ये जाहीर झाले, तेव्हा हे महाशय 'जॉज'च्या एका सुमार भागाच्या चित्रीकरणात अडकले होते! दुसरे ऑस्कर 'द सायडर हाउस रूल्स'साठी लाभले. 2000 मध्ये 'सर' हा किताब मिळाला, तो त्यांनी मॉरिस मिकलव्हाइट या नावानेच घेतला. 2023 च्या 'द ग्रेट एस्केपर'नंतर, वयाच्या नव्वदीत, त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

आपले बोलणे अशुद्ध ठरेल या भीतीने वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले आपल्याही घरांत आहेत. त्यांना जवळ बसवून 'एज्युकेटिंग रीटा' जरूर दाखवा.