घरचे पाळणाघर : पहिल्या खर्चाचे अंदाजपत्रक



आपल्या अनेक घरांत आता शिकलेल्या लेकी-सुना आहेत. शेतीचे काम त्या बघतातच, पण स्वतःच्या हाताची चार पैशांची मिळकत असावी असे त्यांना वाटते आणि त्यात गैर काही नाही. शिलाई, पिठाची गिरणी, पापड-शेवया यांच्या जोडीला अलीकडे पाळणाघराचा विचार पुष्कळ घरांत होतो. कारखान्याच्या वसाहतीत व तालुक्याच्या गावी शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या व कचेरीतल्या बायका आहेत. त्यांची सासू गावी, आई दुसऱ्या जिल्ह्यात. अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात सुरू झाली आणि तिने मोठे काम केले, पण ती थोड्या तासांची. आईची पाळी संपेपर्यंत मूल कोणाकडे, हा प्रश्न राहतोच.

तेव्हा गिऱ्हाईक आहे. अडते ते हिशेबात. बहुतेक घरांत पहिला खर्च म्हणजे भिंतीला रंग, दारावर पाटी आणि खेळणी एवढाच धरला जातो. मग उसाचा हप्ता आला की सगळा एकदम खर्च होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मदतनीस बाईचा पगार द्यायला घरातल्या पुरुषांपुढे हात पसरावा लागतो. घरातले म्हणतात, "बघा, आम्ही सांगत होतो." धंदा वाईट नसतो, मांडणी अपुरी असते.

हिशेब आपल्याच भाषेत मांडू. लागणीचा खर्च वेगळा आणि खोडव्याचा वेगळा, हे कोणी आपल्याला शिकवायला नको. नांगरट, सरी, बेणे हे एकदाच. पाणी, खत, भांगलण चालूच. आणि आडसालीचे पैसे हातात यायला दीड वर्षाच्या वर जाते, तोवर घर चालवायची तजवीज आपण आधी करतो. पाळणाघराचेही तेच. खाली दिलेले आकडे नमुन्यादाखल आहेत. आपल्या गावचा भाव विचारून ते बदलून घ्यावेत. घर स्वतःचे, समोरची एक खोली मोकळी, आणि मुले जास्तीत जास्त आठ, असे धरले आहे.

एकदाच्या खर्चात पहिला मान संडासाला व हात धुण्याच्या जागेला. फरशी घसरती नको, नळ मुलाच्या हाताला यावा, पाणी साचू नये : १०,००० रुपये. दुसरा खर्च मुलांच्या जिवाचा आहे आणि शेतकऱ्याच्या घरात तो शहरापेक्षा जास्त येतो. अंगणात पाण्याचा हौद असतो, त्याला मजबूत झाकण पाहिजे. पडवीत तणनाशकाची बाटली, उंदराचे औषध, फवारणीचा पंप ठेवलेला असतो. "वर फळीवर आहे, पोराचा हात पुरत नाही" हे म्हणणे चालणार नाही. मूल डब्यावर चढते. औषधे कुलपाच्या कपाटात, तीही मुलांच्या खोलीपासून लांब, आणि रिकाम्या बाटल्या घरात अजिबात नकोत. दाराला आडवे फाटक, खिडकीला जाळी, हौदाचे झाकण, कुलपाचे कपाट मिळून ११,००० धरा. ट्रॅक्टर मागे घेताना अंगणात मूल असता कामा नये, यासाठी पैसा लागत नाही, शिस्त लागते. विजेची अर्थिंग नीट करणे आणि गळती होताच प्रवाह तोडणारे बटन बसवणे ४,०००.

अंथरूण-पांघरूण ३,०००; जुन्या लुगड्यांच्या गोधड्या घरात असतील तर याहून कमी. भांडी व पाणी शुद्ध करण्याचे साधन ४,०००. प्रथमोपचाराची पेटी व ताप मोजण्याची नळी १,०००. खेळणी व चित्रांची पुस्तके २,०००. पाटी व वह्या १,०००. खेळण्यांना इतके कमी का, असे कोणी विचारील. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, ते शिंपले, बिया, पाने, खडे यांच्यावर मुलांना शिकवत. प्लॅस्टिकच्या झगमगाटाने मूल दोन दिवस रमते. मात्र तीन वर्षांखालच्या मुलांपुढे बारीक बिया-खडे ठेवू नयेत, ती तोंडात घालतात.

बेरीज ३६,००० झाली. गवंड्याचे काम कधी ठरल्या रकमेत होत नाही, म्हणून दहा टक्के वर : ३९,६००.

आता महिन्याचा खर्च. अर्ध्या दिवसाची मदतनीस ४,०००, वीज-गॅस-साबण १,५००, किरकोळ ५००. म्हणजे मूल एक असो वा आठ, ६,००० जाणारच. दूध-खाऊ प्रत्येक मुलामागे ४००. फी २,००० ठेवली तर एका मुलामागे १,६०० उरतात. चार मुले होईपर्यंत तोंडमिळवणी होत नाही. पहिल्या महिन्यात दोन मुले आली तर २,८०० ची तूट. दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यात तीन-तीन मुले धरली तर प्रत्येकी १,२००. मे महिन्यात शिक्षिका आपली मुले घरी ठेवतील, तेव्हा पुन्हा दोनच मुले उरली तर आणखी २,८००. ही ८,००० रुपयांची तूट सुरुवातीच्या भांडवलातच धरायची. तीच बहुतेकांच्या कागदावर नसते.

एकूण ४७,६००. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये होती. त्या भावाने हे सुमारे साडेतेरा टन उसाचे पैसे झाले, आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टन आणखी वाढतील. एवढा ऊस एका खोलीत घालतो आहोत हे घरातल्या सर्वांना आधी ठाऊक असावे. आठ मुले भरली तर सर्व खर्च जाऊन बाईच्या हाती महिना ६,८०० राहतात. पहिले तीन-चार महिने मात्र तिचा स्वतःचा पगार शून्य, हे तिने आणि घरच्यांनी मनाशी पक्के करावे.

कर्ज काढावे का? ८ एप्रिल २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत तारणाशिवाय मिळते, बचत गटाचाही आधार आहे. आमचे मत असे की बांधकाम व सुरक्षेच्या कामापुरते काढावे, तुटीसाठी काढू नये. ३०,००० रुपये बारा टक्क्यांनी तीन वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना हजाराच्या घरात जातो, आणि तोंडमिळवणीला चारऐवजी पाच मुले लागतात. उद्यम नोंदणी फुकट होते, तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. विजेचा दर घरगुतीच राहील का, हे महावितरणच्या कार्यालयात आणि इतर परवानगीचे ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्यावे.

ऊसतोड मजुरांच्या कोपीवरच्या लेकरांची सोय हा वेगळा विषय आहे. त्यांच्याकडून फी मिळणार नाही आणि तो भार एका घरावर टाकणे बरोबर नाही. तो कारखान्याने व शासनाने उचलायचा.

बाईच्या नावाने बँकेत स्वतंत्र खाते उघडावे, त्यात उसाचे पैसे मिसळू नयेत. फी महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ घ्यावी. आई उशिरा आली तर जादा काय, सणाच्या सुट्ट्या किती, मे महिन्यात निम्मी फी घेणार की नाही, हे कागदावर लिहून मूल ठेवून घेण्याआधीच आईबापांना वाचून दाखवावे.