सूर्यास्तानंतरचे मेगावॉट

5 एप्रिल 2020. टाळेबंदीतला तो रविवार बहुतेकांना पणत्या आणि मोबाइलच्या टॉर्चमुळे आठवतो. पंतप्रधानांनी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे मालवायला सांगितलं होतं. वीजक्षेत्रातल्या लोकांना मात्र त्या रात्रीचं दडपण आलं होतं. सगळ्यांनी एकदम दिवे घालवले तर ग्रीड कोसळेल, अशी भीती महाराष्ट्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी उघडपणे बोलून दाखवली. मागणी बारा-तेरा हजार मेगावॉटनी उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे 31 हजार मेगावॉटनी उतरली.

तरीही काही झालं नाही, कारण तयारी होती. देशभरातली जलविद्युत केंद्रं नवाच्या सुमारास मुद्दाम भरपूर चालवत ठेवली होती. दिवे विझू लागले तशी ती झपाट्याने खाली आणली आणि दिवे लागताच पुन्हा वर नेली. पाण्याच्या टर्बाइनला हे जमतं. कोळशाच्या संचाला जमत नाही.

यामागचं कारण साधं आहे. ग्रीडमध्ये वीज साठत नाही. या क्षणाला जेवढी वापरली जाते, तेवढीच या क्षणाला तयार व्हावी लागते. हिशेब जुळतोय की नाही ते वारंवारितेवरून, म्हणजे इंजिनिअर मंडळींच्या भाषेत फ्रिक्वेन्सीवरून कळतं. ती 50 हर्ट्झच्या आसपास, 49.90 ते 50.05 या अरुंद पट्ट्यात राहावी असा नियम आहे. मागणी वाढली की ती खाली येते, उत्पादन जास्त झालं की वर चढते. भार प्रेषण केंद्रात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे पाडतात आणि कोणी किती वीज द्यायची, कोणी किती घ्यायची हे तुकड्यागणिक ठरवतात.

त्या रात्री जे फर्मानाने घडलं, ते आता रोज घडतं, फक्त उलट्या दिशेने. जानेवारी 2025 मध्ये देशाच्या सौरऊर्जेची क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. पाच वाजल्यानंतर हे सगळं उत्पादन उतरणीला लागतं आणि दोन-तीन तासांत शून्यावर येतं. नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात, स्वयंपाकघरं जागी होतात, एसी सुरू होतात, लोकल गच्च भरून धावतात. उत्पादन उतरत असताना मागणी चढत असते. ही दरी भरायला नऊ मिनिटांची तयारी पुरत नाही, ती तीनशे पासष्ट संध्याकाळी करावी लागते. मला विचाराल तर आपल्या हरित ऊर्जेचा सगळा प्रश्न संध्याकाळी सहा ते रात्री दहा या चार तासांत आहे. 2070 सालच्या नेट झिरोवर भाषणं होतात, या चार तासांवर होत नाहीत.

नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने दिलेल्या शब्दांपैकी दोन इथे महत्त्वाचे: 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन आणि 2030 पर्यंत जीवाश्म इंधनाशिवायची पाच लाख मेगावॉट क्षमता. 2025 च्या मध्यावर एकूण स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म झाला, ठरल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. कौतुक करावं अशीच ही गोष्ट आहे. पण त्याच काळात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वरच होता. यात लबाडी नाही. मेगावॉट म्हणजे क्षमता आणि युनिट म्हणजे प्रत्यक्ष वीज. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला सोळा-अठरा लाख युनिट देतो, तर तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच नीट चालला तर साठ लाखांच्या आसपास. त्यामुळे मंत्र्यांनी मेगावॉटचा आकडा सांगितला की आपण विचारावं: किती वाजताचे?

चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याचे कोळसा संच बांधले गेले ते अखंड चालत राहण्यासाठी. आता दुपारी त्यांना सांगितलं जातं की खाली या, ऊन आहे. सहा वाजता सांगितलं जातं की वर चढा. बॉयलर पूर्ण बंद केला तर पुन्हा पेटवून वीज मिळायला तास न् तास जातात, म्हणून दुपारी तो बंद न करता मंद ठेवतात. आपल्याकडे हा किमान भार 55 टक्के धरला जातो, तो टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांवर आणायचं केंद्रीय वीज प्राधिकरणाने ठरवलं आहे. रोज तापवायचं, रोज निववायचं यात नळ्यांना तडे जातात, युनिटमागे कोळसा जास्त लागतो आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. ही किंमत सौरविजेच्या अडीच रुपयांच्या दरात दिसत नाही, पण कुणाच्या तरी बिलात येतेच.

या अवजड संचांचा एक गुण मात्र आपण गृहीत धरत आलो. शेकडो टन वजनाचे रोटर मिनिटाला तीन हजार फेरे घेत असतात. कुठे अचानक बिघाड झाला तरी जड जात्याचा खुंटा सोडल्यावर ते जसं स्वतःच्या जोरावर आणखी थोडं फिरत राहतं, तसे हे रोटर ग्रीडला सावरायला काही सेकंद मिळवून देतात. सौरपॅनेलमध्ये फिरणारं काही नाही. तिथे इन्व्हर्टर असतो आणि त्याला जसं शिकवलंय तसाच तो वागतो. राजस्थानातल्या सौरपट्ट्यात 2022 पासून असे प्रसंग घडले आहेत, की एखाद्या वाहिनीत दोष आला आणि हजार मेगावॉटहून जास्त सौरवीज एका क्षणात गळून पडली.

28 एप्रिल 2025 ला भरदुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा सौरऊर्जेला शिव्या देणाऱ्यांना आयतंच निमित्त मिळालं. पाच सेकंदांत सुमारे 15 हजार मेगावॉट उत्पादन गेलं होतं. स्पेन सरकारच्या चौकशीत जे निघालं ते मात्र इतकं सरळ नाही. आधी कोलमडला तो विजेचा दाब. व्होल्टेज वाढत गेलं, वाढलेल्या दाबामुळे प्रकल्प स्वतःला तोडून घेऊ लागले, त्याने दाब आणखी वाढला. हा दाब सावरण्याची जबाबदारी आणि त्याचे पैसे ज्या पारंपरिक केंद्रांना मिळत होते, त्यांनी ते काम पुरेसं केलं नाही आणि त्या दिवशी अशी केंद्रं जोडलेलीही कमीच होती. सौर प्रकल्प हे काम करू शकले असते, पण तिथल्या जुन्या नियमांनी त्यांना ते करू दिलं नव्हतं. म्हणजे यंत्रं नवी आणि नियमपुस्तिका जुनी. आपल्या नियामकांनी हा अहवाल नीट वाचला असेल अशी आशा आहे.

आपल्याकडे तुटवड्याइतकीच आता अतिरेकाचीही काळजी आहे. भारनियमनात वाढलेल्या माझ्या पिढीला हे वाक्य लिहितानाही चमत्कारिक वाटतं. 2025 च्या मे महिन्यात पाऊस फार लवकर आला, 26 तारखेला तर मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला होता. एसी आणि पंप थंडावले. त्यातून रविवार म्हणजे कारखाने आणि कचेऱ्या बंद. दुपारी वीज घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा सौर प्रकल्पांना उत्पादन कमी करायला सांगावं लागलं. वीजबाजारात दुपारचा दर जवळपास शून्यावर आला. याच बाजारात टंचाईच्या संध्याकाळी दर युनिटला दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो.

यावर महाराष्ट्राने शोधलेला एक उपाय मला इतर अनेक दिखाऊ घोषणांपेक्षा जास्त शहाणपणाचा वाटतो. तो उपाय म्हणजे शेतीपंप.

राज्यात 45 लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत. वर्षानुवर्षं त्यांना चक्राकार पद्धतीने वीज मिळाली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की गव्हाला पाणी द्यायला जानेवारीच्या थंडीत बारा-एक वाजता उठायचं, हातात बॅटरी, पायाखाली साप, जुन्नरसारख्या भागात उसात बिबट्या. रात्री वीज देण्यामागे ग्रीडचा स्वार्थ होता. कोळशाचे संच रात्रीही चालतात, शहरं झोपलेली असतात, मग ती वीज खपवायची कुठे? शेतकऱ्याची झोप हा त्या ग्रीडचा तोल होता.

सौरऊर्जेने हे गणित उलटं केलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली आणि 2023 मध्ये दुसऱ्या आवृत्तीत तिने मोठं रूप घेतलं. शेतीचे फिडर वेगळे करायचे, उपकेंद्राजवळच्या जमिनीवर काही मेगावॉटचे सौर प्रकल्प उभारायचे आणि पंपांना दिवसा वीज द्यायची. लक्ष्य 16 हजार मेगावॉटचं. यात दूरवरून वीज आणायला नवे मनोरे लागत नाहीत आणि मागणीच उठून उन्हात येते. शिवाय विहिरीतून काढलेलं पाणी पिकाला दुपारी दिलं काय किंवा रात्री दिलं काय, पिकाची तक्रार नसते. इतकी लवचीक मागणी फार थोड्या ग्राहकांकडे असते.

खोट नाही असं नाही. पावसाळ्यात पंप बंद असतात, तेव्हा हीच वीज उलटी उपकेंद्रातून वर चढते आणि खालच्या रोहित्रांची रचना त्यासाठी केलेली नाही. आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून वीजबिल माफ आहे. फुकट वीज आणि तीही भरदिवसा, मग भूजलाचं काय होणार हा प्रश्न ऊर्जा खातं विचारत नाही, कारण पाणी दुसऱ्या खात्याकडे असतं.

दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवायची दुसरी वाट सह्याद्रीतून जाते. घाटघरचा 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प 2008 पासून हेच करतो: वर प्रवरेच्या खोऱ्यात एक धरण, खाली कोकणाच्या बाजूला दुसरं. वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, महाग असेल तेव्हा खाली सोडायचं. या ये-जा करण्यात पाचव्या हिश्शाच्या आसपास वीज खर्ची पडते, तरी व्यवहार परवडतो. हा प्रकल्प आखला तेव्हा स्वस्त वीज म्हणजे रात्रीची वीज होती, आता ती दुपारची झाली. कोयनेचं महत्त्वही असंच वाढलं. 1960 मेगावॉटची कोयना मिनिटांत वर जाते, पण पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीसाठी वापरायचं पाणी लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीला बांधून दिलं आहे. ते संध्याकाळी पुरवून पुरवून वापरायचं.

घाटमाथ्याच्या या उंचीवर आता बऱ्याच खासगी कंपन्यांचं लक्ष गेलं आहे आणि राज्य सरकारने उदंचन प्रकल्पांचे करार धडाक्याने केले आहेत. भुदरगड तालुक्यातल्या पाटगावच्या प्रकल्पाला स्थानिकांनी विरोध केला तो पाण्यासाठी आणि जंगलासाठी. पश्चिम घाटाचं जंगल तोडून हवामान वाचवायचं, हा युक्तिवाद माझ्या गळी उतरत नाही. जिथे दोन्ही जलाशय आधीपासून आहेत तिथे आधी करा, बाकीचं नंतर पाहू.

तोवर बॅटरीने सगळ्यांनाच चकित केलं आहे. 2022 च्या सुमारास देशातल्या पहिल्या मोठ्या निविदेत साठवणुकीचं महिन्याचं भाडं मेगावॉटमागे दहा लाख रुपयांच्या वर होतं. 2025 मध्ये ते दोन-सव्वादोन लाखांवर आलं. दोन तासांची बॅटरी संध्याकाळचा कडा नक्की मोडते. जुलैतल्या ढगाळ आठवड्याचं मात्र तिच्याकडे उत्तर नाही. तेव्हा साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर किंवा धुळ्यातल्या ब्राह्मणवेलला पवनचक्क्या जोरात असतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात वारा पडतो, मागणी चढते, आणि मग कोळसाच आठवतो.

तारांचं दुखणं थोडक्यात सांगतो. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, तो जोडणारी अतिउच्चदाब वाहिनी चार-पाच वर्षं घेते. जमिनीचा मोबदला, वनखात्याची परवानगी आणि जैसलमेरकडे माळढोक. आपल्या नान्नजच्या माळावरून जवळपास नाहीसा झालेला हा पक्षी तिथे तारांवर आपटून मरतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि 2024 मध्ये तो सैल केला. वीज तयार आहे पण न्यायला तार नाही, म्हणून राजस्थानात दुपारी काही हजार मेगावॉट थांबवावे लागल्याचे दिवस 2025 मध्ये आले. दुसरीकडे चाळीस हजार मेगावॉटहून जास्त प्रकल्पांच्या निविदा निघूनही त्यांची वीज विकत घ्यायला राज्यांच्या वितरण कंपन्या पुढे येईनात. दुपारची वीज त्यांच्याकडे पुरेशी आहे.

मग ग्राहकांनीच सवय बदलावी, असा आता सूर आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार उन्हाच्या तासांत वीज किमान वीस टक्के स्वस्त आणि कमाल मागणीच्या तासांत महाग असायला हवी. त्यासाठी वेळ ओळखणारा मीटर लागतो. महाराष्ट्रात स्मार्ट मीटरविरुद्ध 2024 मध्ये इतका गदारोळ झाला, की सर्वसामान्य घरांत प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. पुढे तसेच मीटर पोस्टपेड करून, टीओडी म्हणजे ‘टाइम ऑफ डे’ या नावाने बसू लागले. संशय वाढायला एवढं पुरेसं होतं.

दुपारी स्वस्त वीज घेणार कोण, हाही प्रश्न आहे. दोघंही नोकरीला असलेल्या घरात कपडे धुण्याचं मशीन दुपारी दोनला कोण लावणार? ज्यांच्या छतावर स्वतःची पॅनेलं आहेत, त्यांना तर त्या तासांत विकतची वीज जवळपास लागतच नाही. माझ्या मते सुरुवात घरांपासून करण्यात अर्थ नाही. नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्याचे पंप, शीतगृहं, बर्फाचे कारखाने, उपसा सिंचन योजना हे सगळे ग्राहक शेतीपंपासारखेच उन्हात सरकू शकतात आणि त्यांच्यासाठी कुणाच्या घरात मीटर बदलायला जावं लागत नाही. पाण्याची टाकी दुपारी भरली म्हणून कुठलाही नगरसेवक निवडणूक हरणार नाही. संध्याकाळी सव्वासातची कर्जत फास्ट मात्र दुपारी सोडता येणार नाही. तिच्यासाठी कोयना, बॅटरी आणि आणखी काही वर्षं तरी चंद्रपूरचा कोळसा लागेलच.