शेपूट कोणासाठी कापायचं?

डॉबरमनचे ताठ कान जन्मजात नसतात. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला भूल देऊन कानाची पाळी कापतात, मग कान उभे राहावेत म्हणून कित्येक आठवडे पट्ट्या बांधून ठेवतात. शेपूट तर डोळेही न उघडलेल्या, तीन-चार दिवसांच्या पिल्लाचं, बहुधा भूल न देताच छाटतात. शिकारी कुत्र्याची शेपटी काटेरी झुडपांत फाटते, म्हणून आधीच कापलेली बरी, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही; स्कॉटलंडने २०१७ मध्ये काही कामकरी कुत्र्यांना शेपूट कापण्यावरच्या बंदीतून सूट दिली ती त्यामुळेच. पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासानुसार, एक इजा टाळायला सुमारे ५०० कुत्र्यांची शेपटं कापावी लागतील. घरात पाळलेल्या कुत्र्याला तर तेही कारण लागू पडत नाही. शिवाय शेपूट ही त्याची बोली आहे. ते छाटलं की त्याचा राग-लोभ इतर कुत्र्यांना नीट कळत नाही.