खिडकी सरकती की उघडती?

शहरी फ्लॅटमध्ये सर्रास दिसते ती ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. तिला उघडायला जागा लागत नाही, त्यामुळे आत पडदा आणि बाहेर ग्रिल बिनदिक्कत बसते. उणीव वाऱ्याची: एक झडप कायम दुसरीच्या मागे, म्हणजे अर्धीच चौकट मोकळी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-दमट हवेत खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या किमान एक-षष्ठांश हवे. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. ही खिडकी सरकती असली, तर वारा प्रत्यक्षात येतो १० चौरस फुटांतूनच.

बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. मिटल्यावर झडप रबरी पट्टीवर दाबली जाते, म्हणून पाऊस आणि रस्त्यावरचा आवाज अडवण्यात ती सरस ठरते. अडचण ग्रिलची. झडप बाहेर उघडायची तर ग्रिल पुढे काढावी लागते. आत घेतली तर पडदा आणि पलंग आड येतात. जुन्या वाड्यांना हा प्रश्न पडला नाही. गज चौकटीतच असत आणि आत उघडणाऱ्या झडपा भिंतीच्या जाडीत मावत. सहा इंची भिंतीत ती सोय उरलेली नाही.

कोकणपट्टीत पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आडवा येतो, म्हणून त्या बाजूला शक्यतो बिजागरीचीच खिडकी घ्यावी. सरकती असेल, तर ट्रॅकच्या बाहेरच्या कडेची निचऱ्याची भोके पाहावीत. रंगकामात ती हमखास बुजतात. मग वाऱ्याच्या झोतासरशी ट्रॅकमधले पाणी आतल्या कडेवरून भिंतीवर ओघळते आणि दोष बिचाऱ्या काचेला मिळतो. खिडकीखालच्या कडप्प्याला बाहेर उतार हवा आणि पुढे आलेल्या कडेला खालून बारीक खाच, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तिथेच ठिबकते.

दक्षिणेचे ऊन छज्जा अडवतो. पश्चिमेचे तिरपे ऊन त्याला दाद देत नाही, तिथे खिडकी लहानच बरी.

न्हाणीघरात काचेच्या पट्ट्यांची लूव्हर पुरते. मात्र तिच्या फटी कधीच पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे एसीच्या खोलीत ती नको. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेत यूपीव्हीसी गंजत नाही. पण त्याच्या पोटातली पोलादी पट्टी जस्ताचा मुलामा दिलेली आहे ना, हे विचारून घ्यावे. टफन्ड काच घ्यायची असेल, तर माप चौकट बसल्यावरच द्यावे, कारण ती काच नंतर कापता येत नाही.