टाच टेकत नाही, की टेकताच येत नाही?

बेंगळुरूतल्या बसवनगुडी, मल्लेश्वरमच्या जुन्या घरांत अजूनही लाल ऑक्साइडची गुळगुळीत जमीन दिसते. न्हाऊन निघालेलं पोर टॉवेलातून निसटून तिच्यावर धावलं की ओल्या पावलांचा माग उमटतो. काही मुलांच्या त्या मागात टाचच नसते. पाच बोटांचे ठिपके आणि चवड्याचा अर्धगोल, एवढंच. आजीला त्याचं कौतुक वाटतं. आई मात्र रात्री फोन घेऊन बसते, आणि पहाटेपर्यंत तीन-चार भयंकर आजारांची नावं तिला पाठ झालेली असतात.

कौतुक आणि धसका, दोन्ही थोडे घाईचेच. बेंगळुरूच्या अपार्टमेंटमध्ये, पाळणाघरात आणि व्हिडिओ कॉलवरच्या सल्ल्यांत या चवड्यांवरच्या चालीबद्दल जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं तपासून पाहण्यासारखं आहे.

गैरसमज : चवड्यांवर चालणं हा आजारच

नुकतं चालायला शिकलेलं मूल तोल सांभाळत असतं. टाच आधी, मग तळवा, मग बोटं ही चाल त्याच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि साधारण दोन वर्षांपर्यंत अधूनमधून चवड्यांवर चालणं सर्रास दिसतं. चालण्याची सुरुवातही सगळ्यांची एका महिन्यात होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची नोंद ठेवली, तेव्हा आधाराशिवाय चालण्याचं वय 8.2 ते 17.6 महिने असं पसरलेलं निघालं. शेजारचं मूल दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं पंधराव्या, तर त्यात बिघडलेलं काही नाही.

स्वीडनमधल्या ब्लेकिंगे प्रांतात साडेपाच वर्षांच्या 1,436 मुलांची पाहणी झाली. ती 2012मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतली 2.1 टक्के मुलं तेव्हाही चवड्यांवर चालत होती, आणि 2.8 टक्के मुलांची तशी चाल आधीच सुटलेली होती. पुढे पाठपुरावा केल्यावर दिसलं, की कधी ना कधी असं चाललेल्या या मुलांपैकी 79 टक्के मुलं दहाव्या वर्षापर्यंत आपोआप टाच टेकू लागली होती. तपासणीत दुसरं कोणतंच कारण सापडलं नाही, तर डॉक्टर या चालीला ‘इडिओपॅथिक’ म्हणतात. काही घरांत ती वडिलांत किंवा काकांतही होती, असं चौकशीत निघतं.

गैरसमज : म्हणजे स्वमग्नता असणारच

स्वमग्न मुलांमध्ये ही चाल जास्त आढळते, हे खरं. अमेरिकेतल्या वैद्यकीय नोंदींच्या एका मोठ्या अभ्यासात, 2019 साली, स्वमग्न मुलांपैकी 8.4 टक्के मुलांची अशी नोंद सापडली. इतर मुलांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत होतं. पण हाच आकडा उलटा वाचला तर? नव्वद टक्क्यांहून अधिक स्वमग्न मुलांची तशी नोंदच नव्हती. नुसत्या पावलांवरून निदान होत नाही. हाक मारल्यावर मूल वळून पाहतं का, बोट दाखवून काही मागतं का, नजर देतं का, शब्द वाढताहेत का, हे सोबत पाहावं लागतं. त्यात शंका आली तर वाट न पाहता विकासाची तपासणी करून घ्यावी.

गैरसमज : वाढेल तसं जाईल, डॉक्टर कशाला?

इथे मात्र आजीचा धीर महागात पडू शकतो. टाच टेकत नाही ही एक गोष्ट, आणि टेकताच येत नाही ही दुसरी. मूल उभं असताना, उकिडवं बसताना किंवा सांगितल्यावर टाच सहज खाली आणत असेल, तर घोटा मोकळा आहे. पण बराच काळ चवड्यांवरच राहिलं तर पोटरीचे स्नायू आणि घोटशीर आखूड होत जातात. मग पाऊल वर वळत नाही, आणि सवयीची अडचण शरीराची होऊन बसते.

काही खुणा दिसल्या तर वय कितीही असो, दाखवायलाच हवं. एकाच पायाची टाच उचललेली असणं ही त्यातली पहिली. खुब्याचा सांधा निखळलेला असणं, एक पाय आखूड असणं किंवा सेरेब्रल पाल्सी तिच्यामागे असू शकते. आधी नीट टाच टेकून चालणारं मूल पुढे चवड्यांवर गेलं, तर तेही साधं नाही. मुलगा वारंवार पडतो, पोटऱ्या फुगीर दिसतात, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येतो, अशा वेळी स्नायूंच्या ड्युशेन या आजाराची शंका घेऊन रक्ताची सीके तपासणी करतात. यातलं काहीच नसलं, तरी तिसऱ्या वर्षीही मूल बहुतेक वेळ तसंच चालत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना घोटा तपासू द्यावा.

त्यासाठी मोठ्या खर्चाची भीती नको. 2013पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतल्या मुलांची एकदा मोफत तपासणी होते. शिवाय बेंगळुरूत इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था आणि निम्हान्स या दोन्ही सरकारी संस्था शेजारी शेजारी आहेत.

गैरसमज : वॉकरमध्ये बसवलं की लवकर चालतं

1999मध्ये अमेरिकेत 109 बाळांवर झालेल्या अभ्यासात उलटंच दिसलं. वॉकरमधली बाळं बसायला, रांगायला आणि चालायलाही उशिरा लागली. झोळीत लोंबकळणारं बाळ बोटांच्या टोकांनी जमीन ढकलतं, आणि समोरच्या ट्रेमुळे त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. वॉकरमुळेच चवड्यांची सवय कायम राहते, असं सिद्ध झालेलं नाही. पण जिन्यावरून गडगडण्याचा धोका एवढा, की कॅनडाने 2004मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

आपला पांगुळगाडा या बाबतीत शहाणा. मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभं असतं, वजन तळव्यांवर येतं आणि तोलही त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. बेंगळुरूहून म्हैसूरच्या वाटेवर साधारण साठ किलोमीटरवर चन्नपट्टण लागतं. लाखेच्या रंगांतली लाकडी खेळणी बनवणाऱ्या या गावात असे गाडे आजही मिळतात. अर्थात, गाडा ढकलतानाही मोठं माणूस जवळ हवंच.

गैरसमज : घट्ट, कडक बूट घातले की पाऊल सुधारतं

कस्तुरबा मेडिकल कॉलेजच्या राव आणि बेंजामिन जोसेफ या अस्थिरोगतज्ज्ञांनी 4 ते 13 वर्षांच्या 2,300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. 1992मध्ये छापून आलेला हा कर्नाटकातला अभ्यास आजही जगभर उद्धृत होतो. पादत्राणं घालणाऱ्यांत सपाट तळवे 8.6 टक्के मुलांचे होते, अनवाणी वाढलेल्यांत 2.8 टक्के. पुढून बंद बुटांत प्रमाण सर्वाधिक, चप्पल-सँडलमध्ये त्याहून कमी. हा अभ्यास सपाट तळव्यांचा आहे, चवड्यांवरच्या चालीचा नाही. तरी वाढत्या पावलाला मोकळीक हवी, एवढं त्यातून कळतं. घरात अनवाणी आणि बाहेर लवचिक तळाची, बोटांना जागा देणारी पादत्राणं पुरेशी आहेत.

गैरसमज : दटावलं की सवय सुटते

‘टाच टेक!’ असं दिवसातून वीसदा ऐकलेलं मूल चार पावलं टेकतं आणि विसरतं. त्यापेक्षा खेळ बरा. उकिडवं बसून रांगोळीचे ठिपके मोजणं, टाचांवर चालत स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत जाणं, अस्वलासारखं हातापायांवर चालणं. रविवारी लालबागेत केंपेगौडांच्या बुरुजाचा तो प्रचंड खडक चढायला न्यावं: चढावर पाऊल आपसूक वर वळतं आणि पोटरी ताणली जाते.

घोटा आखडलाच असेल तर फिजिओथेरपी, रात्रीचे स्प्लिंट, काही आठवडे बदलत जाणारं प्लास्टर आणि क्वचित शस्त्रक्रिया, असे उपचार टप्प्याटप्प्याने होतात. प्लास्टरच्या जोडीला बोटॉक्सचं इंजेक्शन दिल्याने जास्तीचा फायदा झाला नाही, असं 2013च्या स्वीडिश चाचणीत आढळलं; कोणी ते सुचवलं तर कशासाठी, हे विचारायला हरकत नाही.

दवाखान्यात एक गंमत हमखास होते. डॉक्टर म्हणतात, ‘चालून दाखव,’ आणि पोर एकदम शहाण्यासारखं टाच टेकत चालतं. म्हणून घरी, त्याचं लक्ष नसताना, समोरून आणि बाजूने मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवावा. रोजचे बूटही पिशवीत टाकावेत. पुढचा तळ झिजलेला आणि टाच कोरी असेल, तर डॉक्टरांना तो जोडही हाती घेऊन पाहायचा असतो.