लाळेतली साखर मोजावी का?

सुई न टोचता, नुसत्या लाळेवरून मधुमेह ओळखता आला तर? कल्पना अगदीच हवेतली नाही. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेनं कोविडसाठी मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची चाचणी तयार केली. मे २०२१ मध्ये तिला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मान्यता मिळाली. मग साखरेच्या बाबतीत अडचण कुठे येते?

कोविडच्या वेळी प्रश्न होता, विषाणू आहे की नाही? त्याचा थोडासा अंश मिळाला तरी प्रयोगशाळेत त्याच्या असंख्य प्रती काढता येतात. मधुमेहात मात्र साखर किती, हे कळायला हवं. रक्तातली साखर लाळेत उतरते ती साधारण शंभरावा हिस्सा, आणि तिच्या प्रती काढता येत नाहीत. पोळीचा घास चावत राहिलं की गोड लागतो, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. म्हणजे तोंडातही साखर तयार होते. शिवाय जिवाणू ती खातात आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर तेही लाळेत मिसळतं. मग मिळालेला आकडा नेमका कशाचा?

हिरड्यांच्या रोगाचं तसं नाही. इथे लाळ रोगाच्या जागेपाशीच असते. हिरड्यांमधलं कोलॅजन तोडणारं विकर लाळेत वाढलेलं मोजता येतं.

हा रोग आणि मधुमेह एकमेकांना बळ देतात. म्हणून दात घासताना हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल, तर आपण मोठ्यांनी दंतवैद्याकडे जावं आणि रक्तातली साखरही तपासून घ्यावी. मधुमेहाचं निदान अजून रक्तावरूनच होतं.